दुसऱ्याची झाकली मूठ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत दरवर्षी कुणीतरी एका विषयावर चार शब्द बोलावे, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. कुणी बालसंगोपनावर बोलते, कुणी काटकसरीवर, कुणी सणवारांवर. ह्या वर्षी ते काम माझ्याकडे आले. मी घेतलेला विषय ऐकून काही जणींच्या भुवया वर जातील, हे मला ठाऊक आहे. विषय आहे एचआयव्हीची तपासणी. आणि त्यातही, ती तपासणी करून घेणाऱ्याचे नाव गुप्त राहणे.

"हा विषय डॉक्टरांचा, आपला त्याच्याशी काय संबंध?" असे कुणी विचारील. संबंध असा, की हे नाव राखण्याचे अर्धे काम दवाखान्यात होते, आणि उरलेले अर्धे आपल्या ओट्यावर, नळावर, भिशीत आणि हळदीकुंकवात होते. दवाखान्याने कितीही कुलपे लावली, तरी आपल्या तोंडाला कुलूप नसेल तर त्यांचा उपयोग नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा कायद्याची आणि औषधाची मोठी नावे बाजूला ठेवून, जे मला समजले ते साध्या शब्दांत सांगते.

आधी रोगाविषयी थोडेसे. एचआयव्ही हा एक विषाणू आहे. शरीराची रोगाशी झगडण्याची ताकद तो हळूहळू पोखरतो. औषधोपचार झाला नाही तर काही वर्षांनी जी अवस्था येते, तिला एड्स म्हणतात. लागण होण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. लागण असलेल्या व्यक्तीशी निरोध न वापरता आलेला शरीरसंबंध ही एक. लागण असलेले रक्त चढवले जाणे ही दुसरी. एकाने टोचलेली सुई दुसऱ्याने टोचून घेणे ही तिसरी. आणि आईकडून बाळाला, म्हणजे गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून, ही चौथी. एका ताटात जेवल्याने, एका नळावर पाणी भरल्याने, एकमेकींना कुंकू लावल्याने, लेकराचा मुका घेतल्याने किंवा डास चावल्याने ही लागण होत नाही.

दुसरी गोष्ट औषधाची. १ एप्रिल २००४ पासून सरकारने हे औषध फुकट द्यायला सुरुवात केली. पूर्वी ताकद बरीच खालावली की मगच औषध सुरू करीत. २०१७ सालापासून तपासणीत लागण दिसली की लगेच औषध सुरू करतात. रोज नेमाने गोळी घेतली तर विषाणू इतका दबतो, की रक्ताच्या मोजणीतही सापडत नाही. आणि तो तसा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातूनसुद्धा जोडीदाराला लागण होत नाही. गर्भारपणाचे पाहा. उपचार न झाल्यास लागण असलेल्या मातांच्या १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. वेळेवर उपचार झाला तर हीच संख्या ५ च्याही खाली येते.

आपल्या देशात सुमारे २५ लाख माणसे ही लागण घेऊन जगत आहेत, आणि राज्यांत सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्राची आहे. औषध आहे, ते फुकट आहे, बाळाला वाचवता येते. मग अडते कोठे? अडते ते तपासणीच्या दारात. सुईची भीती कुणाला फारशी नसते. भीती असते ती "कुणी पाहिले तर?" ह्याची.

ही भीती उगीच आलेली नाही, तिला इतिहास आहे. तो थोडक्यात सांगते.

आपल्या देशात ही लागण प्रथम सापडली ती १९८६ साली, मद्रासला. तेथील एका सरकारी गृहात ठेवलेल्या सहा स्त्रियांच्या रक्तात ती दिसली. हे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे १९९३ साली त्यांनी गायतोंडे ह्या माहेरच्या नावानेच ह्या रुग्णांसाठी संस्था उभी केली. २०१५ साली त्या वारल्या, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्या सहा स्त्रियांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि ठाऊक असण्याचे काही कारणही नाही.

परंतु सर्वांच्या वाट्याला असे झाकलेले नाव आले नाही. १९८९ सालची गोव्याची हकीकत ऐका. डॉमिनिक डिसोझा नावाचा एक तरुण नेमाने रक्तदान करीत असे. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत लागण निघाली. तेव्हा गोव्यात असा कायदा होता, की अशा माणसाला वेगळे कोंडून ठेवता येई. त्याच्याकडे डॉक्टर आला नाही, पोलीस आले. म्हापशाला क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या इमारतीत त्याला एकट्याला ठेवले. आपला गुन्हा काय, हेही त्याला धड कुणी सांगितले नाही. त्याच्या आईने, लूसीबाईंनी, न्यायालयात धाव घेतली. चौसष्ट दिवसांनी तो बाहेर आला. तोवर त्याचे नाव सगळीकडे झाले होते. तो खचला नाही, हे त्याचे मोठेपण. १९९२ साली त्याच्या धडपडीतून 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था निघाली, आणि त्याच वर्षी त्याचा अंत झाला. आता विचार करा, ज्या गावात रक्त दिले म्हणून पोलीस दारी येतात, त्या गावात दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला कोण जाईल?

दुसरी हकीकत एका डॉक्टरची. १९९५ साली त्याने मद्रासच्या एका इस्पितळात नातलगासाठी रक्त दिले. तपासणीत लागण निघाली. त्याचे लग्न ठरले होते. इस्पितळातून ही बातमी बाहेर पडली, लग्न मोडले, आणि आपल्या लोकांत राहणे त्याला अशक्य झाले. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९८ साली न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. ज्या मुलीशी लग्न व्हायचे तिला आपला जीव जपण्याचा हक्क होता, असे त्यात म्हटले. शिवाय अशा माणसाच्या लग्नाच्या हक्काबद्दलही न्यायालय बरेच काही बोलले. २००२ साली त्याच न्यायालयाने म्हटले, की लग्नाच्या हक्काबद्दलचे ते बोलणे आवश्यक नव्हते. मुलीचा हक्क खराच आहे, त्याबद्दल मी पुढे बोलणार आहे. पण बातमी त्या मुलीपाशी थांबली नाही. ती गावभर झाली, हे विसरू नका. निकालाच्या कागदावर त्या माणसाला फक्त 'क्ष' म्हटले आहे. हे झाकणे त्याच्या वाट्याला आले ते सगळे होऊन गेल्यावर.

तिसरी हकीकत आपल्या मुंबईची, आणि ती समाधान देणारी आहे. एक मजूर एका मोठ्या सरकारी कंपनीत रोजंदारीवर काम करीत होता. कायम करण्याच्या वेळी रक्त तपासले, लागण निघाली. अंगात काम करण्याची ताकद होती. तरी त्याला कामावर घेईनात. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. पण जाताना त्याच्यापुढे मोठा पेच होता. न्याय मागायचा तर अर्जावर नाव घालावे लागणार, आणि नाव घातले की ज्या गोष्टीला भिऊन आपण दबलो आहोत तीच गोष्ट जाहीर होणार. न्यायालयाने त्याला नाव झाकून दावा चालवू दिला. १९९७ साली निकाल लागला, की जो माणूस काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यामुळे कामाच्या जागी इतरांना खरा धोका नाही, त्याला केवळ ह्या लागणीसाठी नोकरी नाकारता येणार नाही. त्या मजुराचे नाव आजही निकालात दोन अक्षरांपलीकडे नाही. झाकलेल्या नावाने त्याला भाकर मिळवून दिली.

आता तपासणीच्या केंद्राकडे वळू. सरकारी रुग्णालयांत ह्या केंद्राला एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र म्हणतात. नाव लांबलचक आहे, काम सरळ आहे. आधी समुपदेशक बाई किंवा गृहस्थ तुम्हांला एकट्याला आत घेतात, दार लोटून घेतात, तपासणी कशाची आहे आणि निकाल काय येऊ शकतो ते सांगतात. मग तुमची संमती विचारतात. नको म्हणण्याचा तुम्हांला हक्क आहे. संमती दिल्यावर रक्त घेतात. तुम्हांला एक क्रमांक देतात, आणि पुढे तुमचा नमुना त्या क्रमांकाने ओळखला जातो. पहिल्या चाचणीत काही दिसले तर आणखी दोन वेगळ्या चाचण्या केल्याशिवाय लागण आहे असे सांगत नाहीत. निकाल ज्याचा त्यालाच, समोर बसवून, समजावून देतात. तो शिपायाच्या हाती द्यायचा नाही, शेजाऱ्याच्या हाती द्यायचा नाही, नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातीही परस्पर द्यायचा नाही. नोंदवह्या कुलपात ठेवायच्या.

येथे एक बारीक फरक ध्यानात घ्या. ह्या केंद्रात तुमचे नाव लिहिले जाते, कारण पुढे औषध द्यायचे असते. पण ते बाहेर जाऊ द्यायचे नसते. दुसरा एक प्रकार असा आहे, की त्यात नावच नसते. रोग देशात कोठे किती आहे हे पाहण्यासाठी, गर्भवतींचे दुसऱ्या तपासणीसाठी घेतलेले जे रक्त उरते, त्यावरची नावाची चिठ्ठी काढून टाकून ते तपासण्याची पद्धत आहे. निकाल कुणाचा हे मग तपासणाऱ्यालाही कळत नाही. ती झाली मोजदाद. आपल्याशी रोजचा संबंध येतो तो पहिल्या प्रकाराचा, आणि तेथेच माणसांच्या शहाणपणाची गरज लागते. कारण तेथे नाव असते, आणि ते पाहणारे डोळेही असतात.

माझ्या भाचीने पहिल्या बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात नाव घातले, तेव्हा मी तिच्याबरोबर गेले होते. तुम्हांला माहीतच आहे, की तेथे येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला हिमोग्लोबिन, साखर ह्यांच्या बरोबरीने ही तपासणीही सुचवली जाते. समुपदेशक बाई एकेकीला आत बोलवत होत्या आणि सोबतच्या माणसांना बाहेर बसवत होत्या. एक सासूबाई रागावल्या. म्हणाल्या, "मी सासू आहे तिची. माझ्यापासून काय लपवायचे आहे?" त्यावर ती बाई शांतपणे म्हणाली, "आई, लपवायचे काही नाही. पण तुम्हांला काय सांगायचे आणि केव्हा सांगायचे, हे तिचे तिला ठरवू द्या." सासूबाई पुटपुटत बाकावर बसल्या. मला मात्र ते वाक्य फार पटले. त्या मुलीला आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी म्हणाले असेल, की हे तुझे तुला ठरवू दे.

पुढे दुसऱ्या एका ठिकाणी ह्याच्या उलट पाहिले. खिडकीवरचा माणूस कागदांचा गठ्ठा हातात धरून मोठ्याने विचारत होता, "एचआयव्हीचे कागद कुणाचे? पुढे या!" रांगेत तीसएक माणसे होती. कुणीही पुढे आले नाही. तो कागद कुणाचा होता, त्यात काय होते, हे मला ठाऊक नाही. कदाचित त्यात काहीच नसेल. पण त्या दिवशी कुणीतरी आपला निकाल न घेताच घरी गेले, एवढे खरे. लोणच्याच्या बरणीत एकदाच ओला चमचा गेला तरी सगळी बरणी नासते; तसेच ह्या केंद्राचे आहे. एकाचे नाव फुटले, की दहा जण येण्याचे सोडतात. ज्याचे नाव फुटले त्याचे नुकसान आपल्याला दिसते. जे आलेच नाहीत त्यांचे दिसत नाही. ते घरी आजारी पडतात, आणि त्यांचे जोडीदार आणि बाळे त्यांच्याबरोबर.

आता मी आपल्याविषयी बोलते. एका बाईची हकीकत सांगते. तिला विचारून, तिच्या परवानगीने सांगत आहे. तिचे औषध चालू होते, प्रकृती चांगली होती. औषध आणण्याच्या दिवशी तिला कुणीतरी ओळखीच्या बाईने त्या खोलीबाहेर पाहिले आणि विचारले, "काय गं, इकडे कुणीकडे?" एवढेच. विचारणारीच्या मनात वाकडे काही नसेल. पण ह्या बाईने ते केंद्र सोडले. दोन गाड्या बदलून ती दूरच्या तालुक्याला जाऊ लागली. जाण्यायेण्याचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी दर खेपेला बुडू लागली. पावसाळ्यात खेपा चुकल्या, गोळ्या चुकल्या. गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि तेच औषध पुढे लागू पडेनासे होण्याचा धोका असतो. ती अंथरुणाला खिळली. तेथल्या समुपदेशकांनी तिची समजूत घातली, औषध पुन्हा नीट सुरू केले, आणि आज ती बरी आहे. पण एका "इकडे कुणीकडे?"ची किंमत किती झाली पाहा.

तिचे गाव, वय, नाते मी काहीच सांगितले नाही. तरीही आता तुमच्यापैकी काही जणी मनात शोधू लागल्या असतील, की कोण बरे ही? दूरच्या तालुक्याला कोण जाते? गेल्या पावसाळ्यात कोण आजारी होते? भगिनींनो, हा शोधच थांबवायचा आहे. हीच तर सगळ्या गोष्टीची मुळी आहे. नाव कुणी सांगावे लागत नाही. कुठल्या खोलीबाहेर बसली होती, केसपेपरावर कुठला शिक्का होता, पिशवीत कसली बाटली होती, मूल झाल्यावर अंगावर पाजले की वरचे पाजले, ह्यांचे धागे जुळवून आपण बायका नाव काढतो. आणि एकदा का गोष्ट षट्कर्णी झाली, की ती परत गोळा करता येत नाही. तीळ सांडले तर वेचता येतात, बोललेला शब्द वेचता येत नाही.

आता तुमच्या मनातल्या शंकांकडे येते. कारण मीही संसारी बाई आहे, आणि ह्या शंका रास्त आहेत.

पहिली शंका बायकोची. नवऱ्याला लागण असेल आणि दवाखान्याने गुप्तता पाळली, तर बायकोने मरायचे काय? नाही. कायद्याने ह्याची सोय केली आहे. २०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्स ह्यांच्या प्रतिबंधाचा व नियंत्रणाचा कायदा केला, आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्यात असे आहे, की लागण असलेल्या माणसाने जोडीदाराला स्वतः सांगावे म्हणून आधी त्याची समजूत घालायची. जोडीदाराला खरोखर मोठा धोका आहे आणि तो सांगणार नाही अशी खात्री झाली, तर "आता आम्ही सांगणार" असे त्याला कळवून, डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समोर बसवून, समजावून सांगू शकतात. म्हणजे बायकोला कळण्याची वाट आहे. पण ती वाट डॉक्टरांच्या खोलीतून जाते, गल्लीतून जात नाही.

ह्याच कलमात स्त्रियांसाठी आणखी एक मोलाची गोष्ट आहे. पुष्कळदा गर्भारपणात तपासणी आधी बायकोचीच होते, आणि मग "तूच हे घरात आणलेस" असा बोल तिच्यावर येतो. जिची तपासणी आधी, ती दोषी आधी, असा हा न्याय! म्हणून कायदा म्हणतो, की सांगितल्याने तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील, किंवा तिच्या किंवा मुलांच्या जिवाला अपाय होईल अशी रास्त भीती असेल, तर जोडीदाराला परस्पर सांगायचे नाही. हे कलम ज्यांनी घातले त्यांनी आपल्या घरांकडे नीट पाहिले असले पाहिजे.

दुसरी शंका लग्नाची. मुलीचे लग्न ठरवताना आईच्या पोटात गोळा येणारच. मला ह्यात एक साधा उपाय दिसतो. मुलगा आणि मुलगी ह्यांनी आपखुशीने, दोघांनी मिळून जावे, तपासणी करून घ्यावी, आणि एकमेकांना सांगावे. जशी पत्रिका दोन्हीकडून मागतात, तशी ही गोष्ट दोन्हीकडून व्हावी. पण ओळखीच्या कंपाउंडरला गाठून "त्या मुलाचे कागद जरा बघून सांगा" म्हणणे, हे मुलीचे हित पाहणे नव्हे. उद्या तोच कंपाउंडर तुमच्या मुलीचे कागदही कुणाला तरी दाखवील.

तिसरी शंका मोलकरणीची. "आमच्या घरात लहान मुले आहेत, भांडीवालीने रक्त तपासून आणावे," असे मी कानांनी ऐकले आहे. भांड्यांतून ही लागण होत नाही, हे आधीच सांगितले. शिवाय कामावर घेण्यासाठी ह्या तपासणीची अट घालायला कायद्याची मनाई आहे. हीच मनाई शाळेत प्रवेश देताना आणि दवाखान्यात उपचार देतानाही आहे.

कायद्यात आणखी काय आहे ते थोडक्यात सांगते. न्यायालयाचा हुकूम सोडला, तर स्वतःची लागण सांगण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. विश्वासाने कळलेली दुसऱ्याची माहिती, त्याच्या लेखी संमतीवाचून इतर कुणाला सांगता येत नाही. जेथे सांगता येते त्या थोड्या जागा कायद्यानेच नेमून दिल्या आहेत, जसे उपचार करणारा दुसरा डॉक्टर किंवा न्यायालय. ज्यांच्याकडे अशा नोंदी असतात त्यांनी त्या सांभाळल्या पाहिजेत. त्या मुंबईच्या मजुराला जे न्यायालयाच्या कृपेने मिळाले, ते नाव झाकून दाद मागणे, आता कायद्यातच आले आहे. अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार ऐकण्यासाठी राज्याने अधिकारी नेमायचा असून त्याने तीस दिवसांत निर्णय द्यायचा आहे. उपचार अडला असेल तर शक्यतो चोवीस तासांत. आणि ज्याला कुठे जाण्याचेच धैर्य होत नसेल, त्याने १०९७ ह्या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत, आणि नाव न सांगता विचारता येते.

पण कायदा भांडणाच्या वेळी उपयोगी पडतो. रोजच्या दिवसाला लागते ती सवय. म्हणून मंडळापुढे माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली विनंती: दवाखान्यात ओळखीचे कुणी दिसले तर नमस्कार करावा, प्रकृतीला बरे आहे ना म्हणावे, आणि पुढे जावे. कुठल्या खोलीत, कशासाठी, हे विचारू नये. ही रीत सगळ्याच आजारांना लावावी, म्हणजे एका आजाराकडे बोट राहणार नाही.

दुसरी: आपल्यापैकी ज्या आशाताई आहेत, अंगणवाडीत आहेत, दवाखान्यात कामाला आहेत, त्यांना भिशीत बसून "काय गं, कुणाकुणाचे काय निघाले?" असे विचारू नये. त्यांनी सांगितले नाही तर त्यांना गर्विष्ठ म्हणू नये. न सांगणे हेच त्यांचे कर्तव्य आहे, आणि ते पाळताना मैत्रीण दुखावली जाऊ नये, एवढी मदत आपण करायला हवी.

तिसरी: मंडळाच्या व्हॉट्सॲपच्या गटावर कुणाच्या आजाराचा कागद, छायाचित्र किंवा कुजबुज कुणी टाकू नये. दुसरीकडून आली तर पुढे धाडू नये. आपल्यापाशी आलेली गोष्ट आपल्यापाशी संपली पाहिजे.

चौथी: कुणी विश्वासाने आपल्याला सांगितलेच, तर तिला आधार द्यावा. तिच्याबरोबर केंद्रात जावे, मुलांना दोन तास सांभाळावे, गोळीची वेळ चुकू देऊ नये. पण ते सांगणे आपल्या नवऱ्यालासुद्धा सांगू नये. "घरच्यांना सांगितले म्हणजे बाहेर सांगितले नाही," असे आपण धरून चालतो. ज्याची गोष्ट, त्याच्या दृष्टीने आपले घर हे बाहेरच.

काही जणी म्हणतील, एवढे झाकायचे म्हणजे ह्यात लाज आहे असेच झाले की! मला तसे वाटत नाही. ज्याला उघडपणे सांगायचे आहे त्याने जरूर सांगावे. तसे सांगणारी धैर्याची माणसे आहेत, आणि त्यांच्यामुळेच भीती कमी होते. पण आपली मूठ उघडणे निराळे आणि दुसऱ्याची मूठ धरून उघडणे निराळे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो ते बहुधा आपल्या घरची उणीव झाकताना. दुसऱ्याच्या मुठीलाही तोच भाव आहे. ती केव्हा उघडायची, कुणापुढे उघडायची, हे ज्याची मूठ त्याने ठरवावे.

आपल्या आज्यापणज्यांना लिहितावाचता येत नव्हते, परंतु जावांची, नणंदांची, शेजारणींची कितीतरी दुःखे त्यांनी पोटात ठेवली आणि तशीच बरोबर नेली. "तिच्यापाशी बोलावे, ते विहिरीत टाकल्यासारखे आहे," असे ज्या बाईबद्दल म्हणत, तिच्याकडे सारी आळी मन मोकळे करायला जात असे. आपले मंडळ तशा बाईसारखे व्हावे. उद्या ह्या वस्तीतल्या एखाद्या बाईच्या मनात आले, की आपणही जाऊन रक्त तपासून घ्यावे, तर "मंडळातल्या बायका पाहतील" म्हणून तिचे पाऊल मागे फिरू नये. तिचे पाऊल पुढे पडले, तर एक संसार सावरेल, आणि तो कुणाचा हे आपल्याला कधी कळणारही नाही. तसे न कळणे, हेच आपण तिच्यासाठी केलेले काम.